वडील ज्या नावाला ओ देतात

उसाचा हंगाम लागला की आमचं घर गुऱ्हाळावर हलायचं. घर म्हणजे दोन पत्र्याच्या पेट्या, एक स्टो, भांड्यांचं पोतं आणि आम्ही तिघं. यवतच्या आसपास जिथं काम मिळेल तिथं, गुऱ्हाळाच्या मागं चिपाडाच्या गंजीला लागून छप्पर टाकायचं आणि ऊस संपेपर्यंत राहायचं. वडील चुलवाणावर होते. गुळाची काहील वर असते, ती सगळ्यांना दिसते. तिच्याखाली जमिनीत भट्टी असते, ती चुलवाण. तिच्या तोंडाशी बसून दिवसभर वाळलेली चिपाडं आत सारणारा माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांच्या भुवया कायम जळालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, बापांना भुवया नसतातच.

आई मोळ्या उचलायची. हंगाम सरला की दोघं कांदे काढायला नाहीतर वीटभट्टीवर जायची. घरात बाकी काही नसलं तरी काकवी असायची. सकाळी भाकरी आणि काकवी, संध्याकाळी काकवी आणि भाकरी. आता पुण्याचे लोक गाड्या थांबवून काकवीच्या बाटल्या नेतात आणि पौष्टिक असते म्हणतात. असेल. मला ती बाटली दिसली की अजून दात सळसळतात. हंगामात माझी शाळा एक आणि एरवी दुसरी. दोन्ही शाळांत मला शेवटच्या बाकावर बसवायचे, कारण कपड्यांना धुराचा वास यायचा. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आम्ही कुठून निघालो ते माहीत असावं म्हणून सांगतेय.

वडिलांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. मी आप्पा म्हणायचे. धाकटे चुलते दादा म्हणायचे. गुऱ्हाळाचा मालक 'ओ चुलवाणवाले' म्हणायचा आणि उत्तरेकडून आलेले काहिलीवरचे कामगार चाचा. आईची तऱ्हाच निराळी. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. समोर असले तर 'आवं', आणि मागं असले तर वर्णन करायचं. 'चुलवाणावरचं घरला आलं का?' 'हिचं वडील कुठं गेलं?' 'ते न्हाईत का, बिडी सोडल्याली, त्येंनला द्या.' बिडी सोडल्याची ओळख आई अभिमानानं द्यायची, कारण ती तिनंच सोडवली होती. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी निळ्या कोटातला फोटो होता, जुन्या कितीतरी रीती आम्ही सोडल्या होत्या. ही मात्र सुटली नव्हती.

बारावीनंतर मी शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं. यवतहून चौफुला, चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूर, अशी एस.टी. बदलत जायचे. तत्त्वज्ञान विषय मी निवडला असं म्हणणं खोटं होईल. बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या आणि तत्त्वज्ञानाला मुलं मिळत नव्हती. गावात बातमी गेली तेव्हा चुलते म्हणाले, "तत्त्वज्ञान म्हंजी? पोरगी कीर्तन करनार हाय का काय?" वडील म्हणाले, "करंल न्हाईतर काय बी करंल. शिकंल तर खरी." तेवढ्यावर आमचा विषय मिटला.

तर्कशास्त्राच्या सरांनी मला पुढं पुण्याला एम.ए.ला जायला लावलं. तिथं दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी विषय घ्यायचा होता. विभागातल्या मॅडमनी एका परदेशी तत्त्वज्ञाचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. नावांबद्दलचं होतं. अख्खं पुस्तक नावांवर! मी पानं चाळली. इंग्रजी साधं दिसत होतं आणि कळत काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ही व्याख्यानं आहेत. त्यानं हातात कागद न घेता दिलेली. तू पण तशीच वाच, समोर कुणीतरी बोलतंय असं समजून." मी म्हटलं, आमच्याकडं तर सगळेच कागद न घेता बोलतात. त्या हसल्या. पण पुस्तक मी तसंच वाचलं, मोबाईलवर शब्दाचा अर्थ बघत, यवतला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून.

आणि एके दिवशी ते उघडलं.

त्याच्या आधीच्या मोठमोठ्या विचारवंतांना वाटायचं की नाव म्हणजे वर्णनाचं गाठोडं. एखाद्याचं नाव घेतलं म्हणजे 'अमुक करणारा, तमुक ठिकाणचा, अमक्याचा मुलगा' असं सगळं आपण थोडक्यात म्हणत असतो. ऐकायला पटतं. आमच्या आईनं तर वेगळं काही केलंच नव्हतं. या पुस्तकातला माणूस विचारतो, समजा ते वर्णन खोटं निघालं तर? ज्यानं अमुक केलं असं आपण मानत होतो, त्यानं ते केलंच नसेल तर? तरी आपण त्याच माणसाबद्दल बोलत असतो ना? 'त्यानं ते केलं नसतं तर' असं आपण सहज म्हणतो, आणि म्हणताना 'तो' कोण याचा गोंधळ कुणालाच होत नाही. म्हणजे वर्णन गळून पडलं तरी नाव त्या माणसाला धरून राहतं. जे झालं त्या जगात, आणि जे होऊ शकलं असतं त्या प्रत्येक जगात.

मग नाव धरतं कसं? त्याचं उत्तर इतकं साधं की मला बसमध्ये हसू आलं. कुणीतरी बाळाला नाव ठेवतं. जवळचे ऐकतात, तेच नाव त्याच माणसासाठी वापरतात, त्यांच्याकडून आणखी कुणी उचलतं. ट्रॉलीतल्या मोळ्या जशा हातोहात घाण्यापर्यंत जातात तसं नाव जातं. शेवटच्या माणसाला पहिल्याची ओळख नसली तरी मोळी तीच असते. आणि नावातल्या शब्दाचा अर्थ काय, याला तिथं काही किंमत नाही. नाव माणसाबद्दल काही सांगत नाही. नुसतं त्याला दाखवतं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊस, ढाबे, टपऱ्या, सगळं रोजचंच होतं. पण माणसं एकमेकांना हाका मारतात या गोष्टीकडं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. ज्यानं कधी गुऱ्हाळ पाहिलं नाही, त्यानं आमच्या घरातली गोष्ट इतक्या आतून कशी सांगावी? मला त्या माणसाला हात जोडावेसे वाटले. बस होती म्हणून जोडले नाहीत.

आईला मी हे सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "ह्येचा पगार देत्यात त्येला?"

"देतात की."

"मग ठीक हाय."

तेव्हापासून आमच्या घरात त्या तत्त्वज्ञाला 'तुजा तो नाववाला' म्हणतात. ज्यानं वर्णनांना धक्का दिला, त्याला आमच्या आईनं वर्णनातच बसवून टाकलं.

त्याच वर्षी हंगामाच्या ऐन मध्यात वडील चुलवाणासमोर कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ. दौंडच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण बघत नसायचे. भिंतीवर माशी बसली तर जेवढं बघतील तेवढंच आमच्याकडं बघायचे. भरवलेलं तोंडात तसंच राहायचं. यवतच्या खोलीवर आणलं तेव्हा गुऱ्हाळावरचे कामगार भेटायला आले. "चाचा, उठो ना, भट्टी ठंडी पड़ गई," असं म्हणत त्यांच्यातला एक उशाशी बसून रडला. वडील हलले नाहीत.

दवाखान्यात आठवड्यातून एकदा वाचा शिकवणाऱ्या मॅडम यायच्या. तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं.

"त्यांना किती समजतंय ते आत्ता सांगता येत नाही. पण स्वतःच्या नावाची हाक माणूस सहसा सहजी विसरत नाही. रोज नावानं हाक मारा. मान वळली, नजर आली, काहीही झालं तर मला सांगा. तिथून मला धरता येईल. गिळणं, बसणं, बोलणं, सगळं तिथून सुरू होतं. हाकेला काहीच आलं नाही, तर मला सुरुवातच सापडत नाही."

म्हणजे सगळं एका हाकेवर आलं होतं.

आम्ही कामाला लागलो. आधार कार्डावरचं वडिलांचं नाव सुंदर आहे, एखाद्या राजाला शोभेल असं. मी सकाळ-संध्याकाळ त्या नावानं हाक मारू लागले. बापाला नावानं हाक मारायची म्हणजे माझीच जीभ अडायची, पण मारली. चुलत्यांनी मारली. शेजारच्या बायकांनी दारात उभं राहून मारली. आईनं मात्र नाही. ती भरवता भरवता 'आवं, आवं' करायची. वडिलांची मान काही वळली नाही. दर आठवड्याला मॅडम विचारायच्या आणि मी मान हलवायचे.

एक दिवस चुलते ओट्यावर बसून म्हणाले, "आता उगा पोरीच्या जिवाला घोर कशाला? दादा गेला. ह्ये नुसतं अंग ऱ्हायलंय. चुलवाणावरचा दादा ह्यो न्हाई."

आई आतून ओरडली, "तुमी गप बसा, भावजी."

पण तिच्या आवाजात जोर नव्हता. मला कळलं की तीही तेच समजायला लागलीय. चुलवाणावरचे, बिडी सोडलेले, शिरूरला माझी फी भरायला बिनइस्त्रीच्या सदऱ्यात आलेले, ही तिची सगळी वर्णनं होती, आणि त्यातलं आता एकही लागू होत नव्हतं. मग समोर खाटेवर होतं ते कोण?

माझ्या प्रबंधाचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. सोडून द्यावं आणि रांजणगावच्या कंपनीत लागावं असं मनात यायचं. एका दुपारी वडिलांच्या खाटेशी बसून मी ते पुस्तक पुन्हा काढलं. आई लसूण सोलत होती.

"काय म्हनतोय तुजा नाववाला?" तिनं विचारलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून.

मी वाचत होते तेच सांगितलं. म्हटलं, तो म्हणतो, माणसाचं सगळं बदललं, जे जे आपण त्याच्याबद्दल सांगायचो ते सगळं खोटं झालं, तरी नावानं दाखवला जातो तो तोच माणूस. आणि नावातल्या शब्दाचा अर्थ बघायचा नसतो. नावानं माणूस चांगला होत नाही, वाईट होत नाही.

आईचे हात थांबले.

"नाव वंगाळ असलं तरी?"

"वंगाळ असलं तरी. ते माणसाला चिकटत नाही. नाव म्हणजे नुसतं धरणं."

"त्येनं आसं लिवलंय? छापलंय?"

"छापलंय."

तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "तुज्या आप्पांचं नाव ते न्हाई."

मला वाटलं, हिचं डोकं दमलं. पण तिनं सांगितलं ते असं. वडिलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्यावर आजीनं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं उचलून परत दिलं आणि त्या जागेवरूनच नाव ठेवलं. असलं टाकाऊ नाव असलं की मरण फिरकत नाही अशी समजूत. वडिलांचं मूळ गाव शिरूरकडचं, घोडनदीकाठची वाडी. तिथं सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारायचे. शाळेत घालताना गुरुजींनी ते ऐकून नाक मुरडलं आणि स्वतःच्या मनानं दुसरं लिहिलं. तेच पुढं कागदोकागदी चाललं. पण कागदावरच चाललं. त्या नावानं त्यांना हाक अशी कुणी मारलीच नव्हती, आम्ही मारायला लागेपर्यंत.

"मग मला कधीच कसं सांगितलं नाहीस?"

"त्यांनी मला आन् भावजींनला शप्पत घातल्याली. यवतला आलो तवाच म्हनलं, ते नाव नदीपल्याड ऱ्हाऊ दे. आपल्या माणसांना लोकांनी असलीच नावं ठिवली, पोरीच्या कानावर नको. आन् मी तरी कशी घेनार? नवऱ्याचं नाव, ते बी असलं."

सरकारदरबारी लिहिलंय तेच खरं नाव, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कागदाला पारखी झालेली आमच्यासारखी माणसंच असं धरून चालतात. कागदाची आम्हाला फार भीती, आणि म्हणून फार खात्री.

मी म्हटलं, "तू घे ते नाव."

"म्या?"

"आज्जीसारखी ती हाक मारू शकेल असं आता कोण आहे? आज्जी गेली. चुलत्यांच्या तोंडी जन्मापासून दादाच. तूच आहेस."

"मी एकदाच घेतलंय. लग्नात, उंबऱ्यात अडवल्यालं तवा."

"मग दुसऱ्यांदा घे."

तिनं पदर डोक्यावर घेतला. मला म्हणाली, तू तिकडं तोंड कर. मी केलं. मग म्हणाली, "आवं, माफ करा." आणि तिनं हाक मारली. नुसतं नाव घेतलं नाही. हाक मारली. जशी माझी आजी नदीकाठावरून पलीकडच्या शेतात मारत असेल, शेवटचं अक्षर लांब ओढून, तशी. तिनं सासूकडून ऐकलेली, तशीच्या तशी. आमच्या पत्र्याच्या खोलीत ती हाक मावेना.

मी न राहवून वळले. वडिलांची मान हलत होती. हळू, दार गंजलेलं असलं की उघडतं तशी. ती आईकडं वळली आणि डोळे तिच्यावर येऊन थांबले. बघत होते. माशीकडं बघतात तसे नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण आधी ओठ हलले. आवाज आला नाही. पण तोंडाचा जो गोल झाला तो मी ओळखला. वडील ओ देत होते.

आई लगेच मला म्हणाली, "ह्यांनला राग आला का बघ गं."

मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. मोळी कुठून निघाली होती! उकिरड्यावर बाळ ठेवणाऱ्या माझ्या आजीच्या हातातून. ती जिवंत नव्हती, वाडीवरचं घर नव्हतं, नदीकाठही पूर्वीचा राहिला नव्हता. वडिलांबद्दल जे जे सांगता येत होतं ते सगळं गेलं होतं. आणि तिचा शब्द सुनेच्या तोंडून येऊन तिच्या पोराला सापडला होता, बरोब्बर. समुद्रापल्याडच्या माणसानं हे आधीच ओळखून ठेवलं होतं, कागदाशिवाय उभं राहून सांगितलं होतं. पुस्तक खाटेवर उपडं पडलं होतं. मी ते उचलून कपाळाला लावलं. या वेळी बस नव्हती.

चुलते संध्याकाळी आले. आईनं पुन्हा हाक मारून दाखवली. मान पुन्हा वळली. चुलत्यांनी टोपी काढली, घातली, परत काढली. "दादा," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "कीर्तनच केलंस की गं."

वाचा शिकवणाऱ्या मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "आता धरलं." आणि खरंच तिथून धरलं. आधी नजर, मग गिळणं, मग उशीला टेकून बसणं. तोंडाच्या गोलात आवाज यायला पावसाळा उजाडला. आई आता दिवसभर ते नाव घेते. शेजारच्या बायका चेष्टा करतात, "काय वैनी, लग्नात बी येवढं घेतलं नसंल!" ती म्हणते, "डाक्टरीनबाईनं सांगितलंय, तुमाला काय करायचंय?"

सादरीकरण मी दिलं. घरची हकीकत त्यात घातली नाही, तिथं ती जागा नव्हती. पण नाव अर्थामुळं नाही तर हातोहात आल्यामुळं माणसाला धरतं, हा भाग मी हातात कागद न घेता बोलले. विभागातल्या मॅडमनी विचारलं, इतकं स्पष्ट कसं झालं तुला? मी म्हटलं, वाचून वाचून.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. वडिलांचं लिहू का असं मी त्यांना विचारलं होतं. नावात आता काही वाईट राहिलेलं नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डावा हात हलवून नाही म्हटलं. ते आईचं आहे असं त्यांना वाटत असावं.

मी तत्त्वज्ञानात एम.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता शिरूरला मुलांना तर्कशास्त्र शिकवते, तासिकेवर, पण शिकवते. वडील चुलवाणावर परत गेले नाहीत, आणि जाणार नाहीत. भुवया आल्यात त्यांना. ते डाव्या हातानं जेवतात, थोडे शब्द बोलतात, आणि आईनं हाक मारली की घरात कुठंही असले तरी ओ देतात.